चार्ली सिफर्डची वर्षं

गोल्फ आपला खेळ नाही. मी तो कधी खेळलो नाही, पुढंही खेळायची शक्यता नाही. कुंपणाबाहेर उभं राहून हिरवंगार गवत पाहिलंय, तेवढंच. एवढ्या जागेत आमच्यासारख्या किती वस्त्या मावतील, हा हिशेब मात्र मनात केला.

तरी तिसरी पाळी उतरून आल्यावर हे लिहायला बसलोय. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी संघटनेला पँथर नाव दिलं, ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. नाव उचललं तर माणसंही ठाऊक पाहिजेत. बंदूक घेऊन उभे राहिलेले काळे आपल्याला ठाऊक आहेत. काठी आणि चेंडू घेऊन उभा राहिलेला चार्ली सिफर्ड ठाऊक नाही.

आधी खेळ सांगतो. गोट्यांत जशी गल, तशा मैलभर पसरलेल्या मैदानात अठरा गली. लांबून काठीनं टोला मारून चेंडू गलीत घालायचा. कमीत कमी टोल्यांत जो अठरा गली संपवील तो जिंकला. मोठी स्पर्धा चार दिवस चालते. ह्या काठ्या डझनभर असतात, त्यांची पिशवी जड असते. ती पाठीवर घेऊन खेळणाऱ्याच्या मागं चालणारा तो कॅडी.

अमेरिकेच्या दक्षिणेत कॅडी काळा असायचा. पिशवी काळ्यानं वाहायची, चेंडू काळ्यानं हुडकायचा, गवत कसं उतरतं तेही काळ्यानंच सांगायचं. टोला गोऱ्यानं मारायचा. ही पद्धत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

चार्ली सिफर्ड जन्मला 2 जून 1922 रोजी, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट गावी. बाप मजूर. पोरगं लहानपणीच गोऱ्यांच्या क्लबात कॅडी म्हणून जाऊ लागलं. दिवसाचे साठ सेंट मिळायचे. पन्नास आईच्या हातावर ठेवायचा, दहाचे सिगार घ्यायचा. सिगार तोंडात धरायची सवय तेव्हा लागली ती जन्मभर सुटली नाही. कॅडींना क्लबाच्या सुट्टीच्या दिवशी खेळायला मिळायचं. त्या एका दिवसावर पोरगं शिकलं. गुरू नाही, पुस्तक नाही. पाहून पाहून शिकलं. मिसरूड फुटायच्या आत गावातल्या गोऱ्या सभासदांपेक्षा बरा खेळू लागलं.

सतरा वर्षांचा असताना तो फिलाडेल्फियाला गेला. मग महायुद्ध आलं, लष्करात गेला, ओकिनावाला जाऊन आला. देशासाठी मरायला त्याचा रंग आड आला नाही. परत आल्यावर खेळायला आड आला.

कारण अमेरिकेत धंदेवाईक गोल्फरांची जी संघटना होती, पीजीए, तिच्या घटनेत लिहिलं होतं की सभासद गोऱ्या वंशाचाच पाहिजे. नीट ध्यानात घ्या. ही चालरीत नव्हती, रूढी नव्हती. छापलेलं कलम होतं. आणि सभासद नाही तर स्पर्धा नाहीत, स्पर्धा नाहीत तर पोट नाही.

मग काळ्यांनी आपल्या वेगळ्या स्पर्धा भरवल्या. त्यांची नॅशनल निग्रो ओपन नावाची स्पर्धा चार्लीनं सहा वेळा जिंकली. पण तिथं बक्षिसाची रक्कम ती किती असणार! पोट भरायला तो गायक बिली एक्स्टाइनची गाडी चालवायचा, त्याची कामं करायचा आणि त्याला गोल्फ शिकवायचा.

इथं आणखी एक नाव घेतलं पाहिजे. बिल स्पिलर. शिकलेला माणूस, पण लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्टेशनात हमाली करायचा. 1948 साली लॉस एंजेलिस ओपनमध्ये तो आणि टेड ऱ्होड्स इतके चांगले खेळले की नियमानं पुढच्या आठवड्याच्या रिचमंडच्या स्पर्धेत त्यांची जागा पक्की झाली. सराव करायला गेले तर सांगण्यात आलं, कलम आहे, परत जा. त्यांनी कोर्टात दावा लावला. संघटना म्हणाली, दावा मागं घ्या, यापुढं भेदभाव करणार नाही. त्यांनी विश्वास ठेवला. संघटनेनं काय केलं? स्पर्धा खुल्या न ठेवता निमंत्रितांच्या करून टाकल्या. भेदभाव नाही म्हणायचं, फक्त निमंत्रण धाडायचं नाही. कागद कसा फिरवावा हे वरच्यांना कोणत्याही देशात शिकवावं लागत नाही.

1952 साली बॉक्सर जो लुईनं आरडाओरडा केला, तेव्हा यजमान बोलावतील तर काळा खेळू शकेल, एवढी फट पडली. चार्ली फीनिक्सच्या स्पर्धेत उतरला. सोबत जो लुईही होता. पहिल्या गलीपाशी पोचले, बावटा उपसला, तर गल माणसाच्या विष्ठेनं भरलेली. गल बदलेपर्यंत जवळजवळ तासभर ताटकळावं लागलं. मग खेळले. विष्ठा आपल्याच वाट्याला का, हा प्रश्न फक्त आपल्या देशातला नाही.

1961 साली ग्रीन्सबरोला, म्हणजे त्याच्याच नॉर्थ कॅरोलायनात, दक्षिणेतल्या मोठ्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला काळा माणूस ठरला. पहिल्याच दिवशी आघाडीवर. रात्री फोन आला, उद्या मैदानात पाय ठेवू नकोस. तो गेला. गोऱ्यांचं टोळकं गलीगलीला मागं फिरलं, शिव्या देत राहिलं. तो शेवटपर्यंत खेळला आणि चौथा आला.

कलम मोडलं ते कसं, तेही सांगतो. स्पिलर कॅडीचंही काम करायचा. ज्याची पिशवी वाहायचा त्याच्यापाशी त्यानं आपली सगळी कहाणी मांडली. त्या माणसानं ती कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांच्या कानावर घातली. मॉस्क यांनी बजावलं, असलं कलम ठेवून आमच्या राज्यात स्पर्धा भरवायच्या नाहीत. संघटनेनं आधी काय केलं असेल? 1962 ची आपली मोठी स्पर्धाच लॉस एंजेलिसहून उचलून पेनसिल्व्हेनियाला नेली. राज्य सोडलं, कलम सोडवेना. शेवटी सगळीकडून कोंडी झाली, तेव्हा नोव्हेंबर 1961 मध्ये कलम गेलं. एका हमालानं हा दगड हलवला. त्याला स्वतःला उपयोग झाला नाही. त्याचं वय पन्नाशीला टेकलं होतं.

चार्लीचं वय तेव्हा 39.

माझं म्हणणं इथंच आहे. अर्नोल्ड पामरनं मास्टर्स ही मानाची स्पर्धा पहिल्यांदा जिंकली 28 व्या वर्षी. जॅक निक्लॉसनं यूएस ओपन जिंकली 22 व्या वर्षी. खेळाडूचं अंग विशी-तिशीत असतं. चार्लीची विशी-तिशी कुंपणाबाहेर गेली. कलम रद्द करता येतं, वर्षं परत देता येत नाहीत. कोणतीही घटनादुरुस्ती माणसाची कंबर पुन्हा पंचविशीची करत नाही.

तरी गडी जिंकला. 1967 साली हार्टफर्डला शेवटच्या दिवशी 64 टोल्यांत अठरा गली संपवून. वय 45. जानेवारी 1969 मध्ये पुन्हा, लॉस एंजेलिस ओपन. बरोबरी झाली होती, जादा खेळीत त्यानं हॅरल्ड हेनिंगला हरवलं. हेनिंग दक्षिण आफ्रिकेचा गोरा. वर्णभेदाच्या देशातून आलेल्याला अमेरिकेत मैदान मोकळं, आणि इथं जन्मलेल्यानं चाळिशीपर्यंत दारात उभं राहायचं.

आणि मास्टर्स? ऑगस्टाच्या क्लबात भरणारी ही स्पर्धा निमंत्रितांची. तिथं कॅडी सगळे काळे, 1982 पर्यंत क्लबाचा तो रिवाजच होता. चार्लीला निमंत्रण आलं नाही. दोनदा जिंकूनही नाही, कधीच नाही. 1972 पासून दौऱ्यावर स्पर्धा जिंकणाऱ्याला आपोआप प्रवेश मिळू लागला. चार्लीचे विजय त्याच्या आधीचे. 1975 साली ली एल्डर तिथं खेळणारा पहिला काळा ठरला. क्लबानं पहिला काळा सभासद घेतला 1990 साली. 1997 साली 21 वर्षांच्या टायगर वूड्सनं तीच स्पर्धा बारा टोल्यांनी जिंकली. चार्लीनं वाट केली नसती तर आपण इथं नसतो, हे टायगरनं पुढं पुन्हा पुन्हा सांगितलं.

मान मिळाले. ते नेहमी शेवटी मिळतात. 2004 साली गोल्फच्या जागतिक हॉल ऑफ फेममध्ये नाव गेलं, पहिला काळा माणूस म्हणून. नोव्हेंबर 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी गळ्यात पदक घातलं. वय 92. सव्वादोन महिन्यांनी, 3 फेब्रुवारी 2015 ला तो गेला.

लोक म्हणतील, बघा, अखेर न्याय झाला. मी नाही म्हणणार. चार्लीनं आत्मचरित्राचं नाव ठेवलंय, त्याचा अर्थ एवढाच, मला फक्त खेळू द्या. त्यानं दया मागितली नव्हती, पदक मागितलं नव्हतं. पंचविशीत खेळू द्या म्हणाला होता. ब्याण्णवाव्या वर्षी पदक दिलं.

दोस्तहो, आपल्यालाही कुणी सांगतो, थांबा, हळूहळू होईल. तेव्हा त्याला विचारा, तोवर आमचं वय काय होईल?