आहारतज्ज्ञ, न्यायवैद्यक मनोरुग्णालयांतील
गुन्ह्याशी संबंध आलेल्या, बंदिस्त रुग्णालयात ठेवलेल्या मनोरुग्णांचे पोषण-उपचार पाहणारा नोंदणीकृत व्यावसायिक. इंग्लंडमधील उच्च सुरक्षेच्या अशा रुग्णालयांत ब्रॉडमूर (१८६३) सर्वांत जुने. मनोविकारग्रस्त गुन्हेगारांविषयीच्या बटलर समितीच्या १९७४ च्या अंतरिम अहवालानंतर मध्यम सुरक्षेची प्रादेशिक केंद्रे उभी राहिली. क्लोझापिन व ओलान्झापिन या मनोविकारविरोधी औषधांनी भूक, वजन आणि मधुमेहाचा धोका वाढतो. क्लोझापिनजन्य बद्धकोष्ठता क्वचित प्राणघातकही ठरते (पहा : मनोविकारविरोधी औषधे). लांबलेला मुक्काम, तुटपुंजी हालचाल आणि बाहेरून मागवलेला खाऊ यांची वजनवाढीत भर पडते. सुऱ्या मोजून दिल्याघेतल्या जात असल्याने स्वयंपाकाचे प्रशिक्षणही सुरक्षानियमांत बसवावे लागते. अन्नत्याग, अतिजलपान यांचे मूल्यमापन मानसोपचारतज्ज्ञ व परिचारिकांसह होते. गंभीर मनोविकारांत हृद्रोगाने होणारे अकाली मृत्यू अधिक असल्याने या कामाला महत्त्व आहे (पहा : आहारचिकित्सा).