चाळीस टक्क्यांची रेघ : विशेष शिक्षणाच्या कायद्याची तीस वर्षं

आज समोर वकील मंडळी बरीच आहेत, पालकही आहेत. म्हणून कलमांनी सुरुवात न करता एका आकड्याने करू. तो आकडा म्हणजे ४०. दिव्यांग मुलाचं प्रकरण घेऊन पालक येतात, तेव्हा आपण वकील पहिला प्रश्न कोणता विचारतो? 'सर्टिफिकेट आहे का? किती टक्के?' ही सवय आपल्याला कायद्यानेच लावली. ती आता सोडायची वेळ का आली, ते आज पाहू.

थोडं मागे जाऊ. १९७४ साली केंद्र सरकारने दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची योजना आणली. पण योजना ती योजनाच. अनुदान आलं तर सोय, नाही आलं तर नाही. हक्काची भाषा आली ती १९९५च्या कायद्यात. त्यातल्या कलम २६ने दिव्यांग मुलाला वयाच्या १८व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देण्याचं कर्तव्य सरकारवर टाकलं. मात्र दिव्यांग कोण, हे ठरवताना त्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. दिव्यांगत्वाचे सातच प्रकार मानले आणि किमान ४० टक्क्यांची अट घातली. अध्ययन अक्षमता त्या सातांत नव्हतीच. म्हणजे बघा, डोक्यात उत्तर तयार असूनही ज्याला ते कागदावर उतरवता येत नाही, असं मूल वर्गात 'ढ' ठरायचं आणि कायद्याच्या लेखी मात्र त्याला काहीच झालेलं नसायचं.

२००९चा शिक्षण हक्क कायदा आला, तेव्हाही 'वंचित गटा'च्या व्याख्येत दिव्यांग मुलं नव्हती. ती २०१२च्या दुरुस्तीने आली.

दरम्यान २००७मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला. त्यातून २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम जन्माला आला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. सातचे एकवीस प्रकार झाले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण खरा बदल व्याख्यांमध्ये आहे. 'दिव्यांग व्यक्ती' ही एक व्याख्या आणि 'लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती', ज्याला आपण कोर्टात बेंचमार्क डिसॅबिलिटी म्हणतो, ती दुसरी. ४० टक्के फक्त दुसरीत आहेत.

हे का महत्त्वाचं? कलम ३१, म्हणजे ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण, आणि कलम ३२, म्हणजे उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण, या दोन्हींना ४० टक्के लागतात. पण कलम १६ आणि १७ सगळ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहेत. वैयक्तिक गरजेप्रमाणे सोय, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं तिथे आहे. आरक्षणाच्या जागा मोजक्या असतात, तिथे कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे आपण समजू शकतो. पण एका विद्यार्थ्याला लेखनिक दिला म्हणून दुसऱ्याची जागा जात नाही. मग तिथे रेघ कशासाठी?

नेमका हाच प्रश्न 'विकास कुमार विरुद्ध यूपीएससी' या प्रकरणात आला. हाताला रायटर्स क्रॅम्प, वैद्यकीय मोजमाप फक्त ६ टक्के, म्हणून लेखनिक नाकारलेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लेखनिकासाठी बेंचमार्कची अट घालता येत नाही. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला 'अवनी प्रकाश' निकाल आला. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं हे प्रकरण. डिस्ग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला नीट परीक्षेत जादा एक तास मिळायला हवा होता, तो केंद्रावर मिळाला नाही. न्यायालयाने चूक मान्य केली, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. अन्याय कसा दूर करता येईल ते एका आठवड्यात ठरवा, असं परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितलं. मित्रहो, हा निकाल आपण जिंकलेला म्हणून शिकवतो. त्या मुलीचा तास मात्र परत आला नाही.

'ओंकार गोंड' प्रकरण तर या रेघेचा विरोधाभासच उघडा पाडतं. वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व ४४-४५ टक्के. ४० टक्के पार केले म्हणून आरक्षणाला पात्र, आणि ४० टक्के पार केले म्हणूनच तेव्हाच्या नियमांप्रमाणे एमबीबीएसला अपात्र! मुंबई उच्च न्यायालयात तातडीचा दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागवला, हा मुलगा शिकू शकतो असं त्यात आलं आणि प्रवेश झाला. १५ ऑक्टोबर २०२४च्या निकालात तत्त्व मांडलं गेलं : नुसता आकडा पाहून कुणाला अपात्र ठरवू नका, तो अभ्यासक्रम त्याला झेपतो का ते तपासा. पुढे ३ फेब्रुवारी २०२५ रोजी 'गुलशन कुमार' प्रकरणात लेखनिकाच्या सोयी सर्व दिव्यांग उमेदवारांपर्यंत नेण्याचे निर्देश आले.

आता वर्गाकडे वळू, कारण परीक्षेआधी शिकवणं येतं. 'रजनीश कुमार पांडे' प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिकला १० विद्यार्थ्यांमागे एक, पुढच्या वर्गांत १५ मागे एक. आणि ७ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं, की मंजूर पदं अधिसूचित करा. मधली साडेतीन वर्षं म्हणजे पहिलीतलं मूल चौथीत गेलं.

तेव्हा वकिली करताना तीन गोष्टी लक्षात ठेवू. एक, अर्जात टक्क्यांच्या आधी गरज लिहू : मुलाला काय येतं, कुठे अडतं, कोणती सोय दिली की ते अडणं थांबतं. आधार कलम ३(५), १६ आणि १७चा घेऊ. दोन, परीक्षेची तारीख हीच आपली मुदत समजू. नकार लेखी मागू आणि परीक्षेआधीच दाद मागू. तीन, दर वेळी रिटच हवी असं नाही. कलम ८०खाली राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांच्या शिफारशीवर काय केलं ते संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणं द्यावी लागतात. ही कारणं पुढे उच्च न्यायालयात आपल्या कामी येतात.

आणि पुढच्या वेळी पालक समोर बसले, की 'किती टक्के?' हा प्रश्न जरा थांबवू. आधी विचारू, 'शाळेत नेमकं कुठे अडतंय?'

आता तुमचे प्रश्न घेऊ.