वाळवंटातील पांढरे कबूतर

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील टक्सन शहर मागे टाकून दक्षिणेकडे पंधरा-सोळा किलोमीटर गेले की, रखरखीत सपाट माळावर एक पांढरीशुभ्र वास्तू एकाएकी नजरेत भरते. 'सॅन झेवियर देल बाक' हे या चर्चचे नाव. 'वाळवंटातील पांढरे कबूतर' या नावानेही ते ओळखले जाते. आजच्या अमेरिकेत स्पॅनिश वसाहतकाळातील मिशन चर्च अनेक असली, तरी मूळ सजावटीसह इतके सुस्थितीत राहिलेले दुसरे चर्च क्वचितच आढळेल.

मिशन म्हणजे केवळ प्रार्थनास्थळ नव्हे. चर्चभोवती वस्ती, शेते, गुरांचे गोठे आणि कार्यशाळा उभारून मूळ रहिवाशांना ख्रिस्ती धर्मात आणि स्पॅनिश राजसत्तेच्या कक्षेत आणण्याची ती व्यवस्था होती. तिच्यात शिकवण होती तशीच सक्तीची मेहनतही होती. युरोपीयांबरोबर आलेल्या साथींनी तर वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. या चर्चच्या सौंदर्याचे वर्णन करताना ही बाजू वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या चर्चचे रूप मात्र माद्रिदच्या आदेशापेक्षा स्थानिक माती, दगड आणि लाकूड यांनीच अधिक ठरवले. न्यू मेक्सिकोतील आकोमा येथे १६२९ मध्ये सुरू झालेल्या सान एस्तेबान चर्चच्या भिंती कच्च्या विटांच्या आणि कमालीच्या जाड आहेत. त्याच्या सपाट छताचे वासे दूरच्या डोंगरातून माणसांनी वाहून आणले. कॅलिफोर्नियात १७६९ ते १८२३ या काळात २१ मिशने उभी राहिली. त्यांपैकी सान हुआन कापिस्त्रानो येथील दगडी चर्च १८१२ च्या भूकंपात, प्रार्थना सुरू असतानाच कोसळले आणि सुमारे ४० जण दगावले.

बाकच्या परिसरात छतासाठी लांब, सरळ लाकूड नव्हते. माती होती, चुना होता आणि विटा भाजता येत होत्या. म्हणून येथील बांधकाम करणाऱ्यांनी तुळयांचा नादच सोडला आणि संपूर्ण छत विटांच्या कमानी व घुमटांवर तोलले. वाळवंटाच्या एका कोपऱ्यात, मोठ्या शहरांपासून शेकडो कोस दूर, हे धाडसच म्हणावे लागेल.

या जागी प्रथम आला तो त्रेंतोजवळ जन्मलेला जेझुइट धर्मगुरू एउसेबिओ किनो. सन १६९२ मध्ये तो सांताक्रूझ नदीकाठच्या ओओधम लोकांच्या या गावी पोहोचला. संत फ्रान्सिस झेवियर हा त्याचा आराध्य. त्यामुळे मिशनला त्याचेच नाव मिळाले. पुढे १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हद्दपार केले आणि मिशन फ्रान्सिस्कन पंथाकडे आले. त्या पंथाच्या हुआन बाउतिस्ता वेल्देर्राईन या धर्मगुरूने १७८३ मध्ये सध्याचे चर्च बांधायला घेतले. त्यासाठी गव्हाच्या येणाऱ्या पिकांच्या भरवशावर सात हजार पेसो कर्ज काढण्यात आले. मुख्य गवंडी म्हणून इग्नासिओ गाओना याचे नाव परंपरेने घेतले जाते. विटा-चुन्याचे कष्ट ओओधम लोकांचे. वेल्देर्राईनच्या मृत्यूनंतर १७९७ मध्ये काम थांबले, पण पूर्वेकडील मनोऱ्याचा घुमट काही झाला नाही. तो का राहिला याच्या दंतकथा अनेक आहेत. पैसा संपला, हेच त्यातल्या त्यात पटणारे कारण.

दर्शनी भागात दोन पांढऱ्या मनोऱ्यांच्या मधोमध तांबूस रंगाचे, नक्षीने गच्च भरलेले प्रवेशद्वार आहे. खाली निमुळते होत जाणारे मेक्सिकन बरोक शैलीचे स्तंभ, वेलबुट्टी आणि यात्रेचे प्रतीक असलेले शिंपले तेथे दिसतात. वरच्या वळणदार नक्षीत एका बाजूला मांजर, तर दुसऱ्या बाजूला उंदीर आहे; मांजराने उंदीर पकडला की जगाचा अंत होणार, असे गावकरी सांगतात.

खरी गंमत आत आहे. क्रूसाच्या आकाराच्या या वास्तूत पाऊल टाकताच संगमरवर, रंगीत फरशा, जाड पडदे असे सारे वैभव दिसते. पण त्यातले बरेचसे खोटे! संगमरवर म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर ओढलेल्या रंगाच्या शिरा. फरशाही रंगवलेल्याच. खऱ्या दरवाजाशी तोल साधावा म्हणून समोरच्या भिंतीवर चक्क एक दरवाजा रंगवलेला आहे. फ्रान्सिस्कन साधूंच्या कमरेची गाठी मारलेली दोरी गिलाव्यात साकारून भिंतींवरून फिरवली आहे. वेदीमागचा भव्य देखावा मेक्सिकोतल्यासारखा कोरीव लाकडाचा नसून विटा आणि चुन्याचा आहे. त्यात मध्यभागी संत झेवियर, त्यावर मेरी आणि सर्वांत वर परमपिता. लाकडी मूर्ती मात्र अस्सल, मेक्सिकोतील कारागिरांच्या हातच्या. काहींच्या वस्त्रांवर आधी सोन्याचा वर्ख, त्यावर रंग आणि मग तो रंग खरवडून खालचे सोने उघडे केलेले. गरिबीवर केलेली ही मात मोठ्या शहरांतील खऱ्या संगमरवरापेक्षा अधिक मोहक वाटते.

पश्चिमेकडील दालनात संत झेवियरची निजलेली मूर्ती आहे. मुळात ती ख्रिस्ताची होती. भाविक तिचे मस्तक हळूच उचलतात, नवसाचे धातूचे छोटे हात-पाय तिच्यावरील वस्त्राला टाचतात. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ निधन पावलेल्या या संताचे पार्थिव जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चमध्ये आहे. ३ डिसेंबरचा सण गोव्यात आणि बाकमध्ये एकाच दिवशी येतो.

विसाव्या शतकात या वास्तूवर संकट आले ते दुरुस्तीच्याच रूपाने. बाहेरून सिमेंटचा थर चढवण्यात आला. चुन्याचा गिलावा ओलावा बाहेर टाकतो, सिमेंट तो कोंडून ठेवते. परिणामी आतल्या विटा भुसभुशीत झाल्या आणि भित्तिचित्रांचे पोपडे निघू लागले. अखेर सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावण्याचे काम सुरू झाले. चुन्यात निवडुंगाचा चिकट रस मिसळण्याची जुनी रीत पुन्हा वापरात आली. त्याने गिलावा चिवट होतो आणि पाणी कमी पितो. आतील चित्रे व मूर्ती १९९२ ते १९९७ या काळात पॉल श्वार्ट्झबाम यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञांनी स्वच्छ केल्या. त्यांनी तोहोनो ओओधम जमातीतील काही जणांनाही हे काम शिकवले. ज्यांच्या पूर्वजांनी येथे विटा वाहिल्या, त्यांच्याच हातून काजळी निघून मूळचे लाल-निळे रंग पुन्हा दिसू लागले. चर्च आजही त्या जमातीच्या वस्तीतच असून तेथे नियमित प्रार्थना होते.