पेशव्यांनी दिलेली जागा

नागझरी ओलांडून पूर्वेला चला. साल १७९२, डिसेंबरची २५ तारीख, वार मंगळवार. शनिवारवाडा मागे राहिला. नाना फडणवीसांच्या नावाची पेठ अजून विरळच आहे. तुमच्यापुढे चाललेल्या माणसांच्या गळ्यात माळा आहेत, पण तुळशीच्या नव्हेत. टोकाला क्रूस लोंबतो आहे. पुण्याचे लोक यांना सरसकट फिरंगी म्हणतात. खरं तर त्यातले कितीतरी गोव्याचे, तुमच्यासारखेच सावळे, आपसांत कोकणी बोलणारे. पेशव्यांच्या चाकरीत ते इथवर आले, पण पोराच्या बाप्तिस्म्याला आणि मरणाऱ्याच्या उशाशी बसायला पुण्यात पाद्री नव्हता.

ही अडचण फौजेतल्या दोम मिगेल द नोरोन्या या पोर्तुगीज अधिकाऱ्याने दरबारात मांडली. पेशवे सवाई माधवराव अठरा वर्षांचे, कारभार नानांच्या हाती. जागा मिळाली. आज तिथे पहिली मिस्सा आहे.

आत या. साधीच वास्तू आहे. आज क्वार्टर गेटपाशी दिसणारं सिटी चर्च उभं राहायला अजून साठ वर्षं आहेत. मेणाचा आणि धुपाचा वास एकमेकांत मिसळला आहे. गोव्याहून आलेले पाद्री विसेंत जोआकिम मिनेझिस वेदीकडे तोंड आणि तुमच्याकडे पाठ करून उभे आहेत. सगळं लॅटिनमध्ये. तुमच्या शेजारी गुडघे टेकलेल्या शिपायाला त्यातलं फारसं कळत नाही, आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही; संस्कृत मंत्र ऐकताना तुम्हाला तरी कुठे वाटतं! मग श्रद्धेचा अंगीकार येतो आणि त्यात एक शब्द कानावर पडतो: कॅथोलिकाम. चर्च एक आहे, पवित्र आहे, प्रेषितांच्या परंपरेतलं आहे आणि कॅथलिक आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अवघ्याला धरून असलेलं’. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांना मृत्युदंडासाठी रोमला नेत होते. वाटेत त्यांनी लिहिलेल्या एका पत्रात तो चर्चसाठी प्रथम वापरलेला सापडतो. तेव्हा त्याला प्रोटेस्टंट हा प्रतिस्पर्धी नव्हता. तो कुठल्या पंथाची पाटी नव्हता.

आता जरा मान वळवून दाराकडे बघा. बाहेर पेठेतली चार-दोन माणसं उभी आहेत, हा काय प्रकार आहे ते पाहायला. यांच्या आजोबांच्या पिढीने १७३९ साली चिमाजीअप्पांबरोबर वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. मेणवलीला खुद्द नानांच्या वाड्यामागच्या घाटावर मेरी आणि बाळ येशूचं चित्र असलेली, १७०७ सालची घंटा टांगलेली आहे. त्याच दरबाराने त्रेपन्न वर्षांनी फिरंग्यांना प्रार्थनेला जमीन द्यावी!

याला नुसतं औदार्य म्हणणं भाबडेपणाचं होईल. ज्या शिपायाचा देव जवळ असतो, तो चाकरी सोडून जात नाही, एवढा हिशेब नानांना नक्की कळत होता. पण याच क्षणी इतरत्र काय चाललं आहे तेही पाहा. गोव्यात इन्क्विझिशन चालू आहे आणि १८१२ पर्यंत चालू राहणार आहे. पॅरिसमध्ये तीन महिन्यांपूर्वी तुरुंगांत दोनशेहून अधिक पाद्री कापले गेले, आणि आज तिथे कॅथलिक राजा आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. ‘अवघ्याला धरून’ वागण्याचं त्या नाताळातलं ठळक उदाहरण शोधायचं तर ते मला एका ब्राह्मण पेशव्याच्या सनदेत दिसतं. कॅथलिक मित्रांनी रागावू नये; मित्र आहेत म्हणूनच म्हणतो.

पुढे सरका. १८५० साल, पुण्याचं लष्कर, म्हणजे कॅम्प. आता राज्य कंपनीचं आहे. घोड्यांच्या लिदीचा वास, लाल डगले, आणि कानावर पडणारी इंग्रजी सुद्धा वेगळ्या हेलाची: हे आयरिश शिपाई. त्यांच्या गावांत नुकताच बटाट्याच्या दुष्काळाने हाहाकार उडवला आहे, आणि इथे त्यांच्यासाठी सेंट पॅट्रिकच्या नावाचं चर्च उभं राहतं आहे. तुम्हाला वाटेल, झालं, पेठेतले गोवेकर आणि कॅम्पातले आयरिश, दोघंही कॅथलिक, एका घरचे. तसं बोलून बघू नका. गोव्याच्या आर्चबिशपना मानणारे एकीकडे, रोमने थेट नेमलेल्या मुंबईच्या अधिकाऱ्यांना मानणारे दुसरीकडे. पोपने १८३८ साली भारतातले पोर्तुगीजांचे बरेच अधिकार काढून घेतले, गोव्याने ते मानलं नाही, आणि भांडण पार मुंबईतल्या चर्चच्या कुलपांपर्यंत गेलं. पोर्तुगालशी करार व्हायला १८८६ उजाडावं लागलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला पुणे धर्मप्रांत स्थापन झाला आणि सेंट पॅट्रिक्स त्याचं कॅथीड्रल ठरलं.

आता १४ ऑक्टोबर १८९०, वेताळ पेठ, पंचहौद मिशन. इथला चहा प्रत्येक पुणेकराला ठाऊक आहे, म्हणून मी तो पुन्हा ओतत नाही. रानडे आहेत, टिळक आहेत, गोखले आहेत. मिशनऱ्यांच्या चहाला आलेल्यांची नावं गोपाळराव जोशी छापायला देणार आहेत आणि धर्म बाटला म्हणून पुढे प्रायश्चित्तांचा धुरळा उडणार आहे. तुम्ही मात्र कपाकडे न बघता शेजारच्या चर्चकडे बघा. हे इंग्लंडच्या चर्चचे लोक, रोमच्या पोपला न मानणारे. तरीही यांच्या प्रार्थनेत तो ‘कॅथलिक’ शब्द जसाच्या तसा आहे. पुण्यात एकच शब्द म्हणणारी, पण एका पंगतीला न बसणारी दोन ख्रिस्ती घरं आहेत. हिंदू पुण्याने यावर हसण्याचं कारण नाही. तिथे तर चहाच्या कपावरून वाळीत टाकण्याची भाषा चालली आहे.

पुढच्याच महिन्यात पंडिता रमाबाई विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो याच इंग्लंडच्या चर्चमध्ये. पण त्यानंतर तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डाइनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचा: ख्रिस्त मान्य, त्याच्या नावाने हुकूम सोडणारे पाद्री आणि बिशप जसेच्या तसे मान्य नाहीत. मला रमाबाई पुण्यातल्या सगळ्यांत मोठ्या कॅथलिक वाटतात, त्या मूळ ग्रीक अर्थाने. हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्हीकडून बोलणी खाल्ली, हाही त्याचा पुरावाच.

नंतरची सत्तर वर्षं झरझर ओलांडा. नगर रोडवर रामवाडीला उतरा. श्रीलंकेतल्या कँडीहून १९५५ साली इथे आलेली पेपल सेमिनरी आहे. मोकळं माळरान, लांब ओसऱ्या, आणि ओसरीवर मल्याळी, तमिळ, कोकणी, छोटानागपूरची सादरी. केरळचे काही विद्यार्थी सिरियन परंपरेची उपासना करतात, तेही कॅथलिकच. डिसेंबर १९६३ मध्ये रोमच्या महासभेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली आहे. काही वर्षांनी तुम्ही पुन्हा मिस्सेला बसता, तर पाद्री तुमच्याकडे तोंड करून उभे आहेत आणि मराठीत बोलत आहेत. फादर थॉमस स्टीफन्सांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालचं. म्हणजे मराठीला वेदीपर्यंत यायला तब्बल साडेतीनशे वर्षं लागली.

आणि पेठांना याचा पत्ता आहे का? शनिवार पेठेत ‘स्नेहसदन’मध्ये मॅथ्यू लेडर्ले नावाचे जर्मन जेझुइट महाराष्ट्राच्या तत्त्वचिंतनाचा अभ्यास करतात. पुढे २००९ मध्ये पुण्याचे बिशप झालेले थॉमस डाबरे वसईचे, त्यांची डॉक्टरेट तुकोबांच्या ईश्वरानुभवावर. तरीही पुण्याच्या रोजच्या बोलण्यात कॅथलिक म्हणजे कॅम्पातला, इंग्रजी बोलणारा, नाताळात केक पाठवणारा शेजारी. इंग्रजीच्या प्राध्यापकांना त्याच शब्दाचा दुसरा अर्थ माहीत असतो: ज्याची आवड चौफेर, तो कॅथलिक. पण तो अर्थ कॉलेजच्या फाटकाबाहेर काही आला नाही. नगर जिल्ह्यातून पुण्यात आलेला, घरात अस्सल मराठी बोलणारा कॅथलिक नाव सांगतो, तेव्हा त्याला हमखास विचारतात, “मग मराठी एवढं चांगलं कसं?”

या माणसापाशी थांबा, कारण प्रवास आता आजच्या दिवसात आला आहे. त्याच जिल्ह्यातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मेरीच्या, यात्रेला जाणाऱ्यांत याचं घराणं आहे. त्याचे पूर्वज महार किंवा मांग होते. गावाने देवळाबाहेर ठेवलं, मिशनने आत घेतलं. पण आत म्हणजे कितपत आत? चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो, हे २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच आपल्या धोरणात मान्य केलं. रविवारी ‘अवघ्याला धरून’ म्हणायचं आणि सोयरीक जुळवताना जात विचारायची, हे चर्चलाच निस्तरावं लागेल. तिथे पेशवा जागा देऊ शकत नाही.

सरकारने मात्र आपल्या परीने दार लावून घेतलं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. इतर धर्मांत गेलेल्या दलितांच्या प्रश्नासाठी २०२२ साली न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. दलित ख्रिस्ती अजून त्या यादीबाहेरच आहेत.