परभणीकरांची फिरायची जागा : थोडा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विषय दिला, 'परभणीच्या आसपास पायी फिरण्याजोगी ठिकाणे'. विषय ऐकून आमच्या कट्ट्यावरचे एक सभासद हसले. म्हणाले, "काका, अर्ध्या पानात संपेल." त्यांचे अगदीच चूक नाही. आपल्याकडे ना डोंगर, ना जंगल. जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगांचे टोक येते, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाट. मधला सगळा भाग सपाट आणि काळ्या मातीचा. ही माती कापसाला, ज्वारीला उत्तम, पण चालणाऱ्याची वैरी! पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल आणि उन्हाळ्यात हातभर भेगा. म्हणून आपल्याकडे 'फिरायला जाणे' म्हणजे डांबरी रस्ता आणि त्यावर सावली, हे दोन्ही जिथे सापडेल तिथे जाणे.

असे ठिकाण परभणीत खऱ्या अर्थाने एकच, ते म्हणजे कृषी विद्यापीठ. वसमत रोडवरची काळी कमान परभणीत कोणाला माहीत नाही? पहाटे पाचपासून तिथे जी वर्दळ सुरू होते त्यात डॉक्टर, वकील, मास्तर, भाजीवाले, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे असे सगळे असतात. मात्र यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते की आपण ज्या रस्त्यावर चालतो ती जागा शंभर वर्षांहून जास्त काळ शेतीच्या प्रयोगांसाठी राखलेली आहे.

त्याची सुरुवात १९१८ साली झाली. तेव्हा आपण निजाम संस्थानात होतो. त्या वर्षी परभणीला मुख्य प्रायोगिक शेत स्थापन झाले. शेतकीचे शिक्षण घ्यायचे तर हैदराबादलाच जावे लागे, पण संशोधनाचे शेत मात्र इथे. कारण उघड आहे. इथली माती आणि इथला गावरानी कापूस. रेल्वे १९०० च्या सुमारास परभणीपर्यंत आलेली होती, त्यामुळे कापूस बाहेर पाठवायची सोयही होती. कापूस संशोधन केंद्राच्या जागेला आजही 'महेबूब बाग' म्हणतात. नावातच निजामी काळ आहे.

पुढे १९४८ चा सप्टेंबर आला, संस्थान गेले. १९५६ साली इथे कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राज्यातले पहिले कृषी विद्यापीठ राहुरीला, दुसरे अकोल्याला झाले. मराठवाड्याला वेगळे विद्यापीठ हवे म्हणून इथल्या लोकांनी आंदोलन केले. ते १८ मे १९७२ रोजी मिळाले. आमच्या पिढीला ७२ म्हटले की दुष्काळ आठवतो. खडी फोडायची रोजगार हमीची कामे, मिलो ज्वारी, सुकडी. त्याच साली शेतीचे विद्यापीठ उभे राहिले, हे मला नेहमी विशेष वाटत आले आहे. २०१३ मध्ये, वसंतराव नाईकांच्या जन्मशताब्दी वर्षात, त्याला त्यांचे नाव दिले गेले. जुने लोक अजून नुसते 'मराठवाडा कृषी' म्हणतात, बरं का.

फिरताना दोन्ही बाजूंना पिके दिसतात, त्यांचीही ओळख असावी. भेंडीची 'परभणी क्रांती' ही जात इथलीच. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला ती दाद देईना, म्हणून देशभर गेली. ज्वारीची 'परभणी मोती' इथलीच. आणि देशी कापसाच्या एका वाणाचे नाव तर 'परभणी तुराब'! दर फेब्रुवारीत ज्यांचा उरूस भरतो ते आपले सय्यद शहा तुराबुल हक. सरकारी संशोधन केंद्रातल्या वाणाला गावच्या पीरबाबाचे नाव लागावे, हे परभणीतच होऊ जाणे. बँकेत असताना पीककर्जाच्या अर्जांवर मी या वाणांची नावे वर्षानुवर्षे वाचली. झाडे मात्र निवृत्तीनंतर, चालताना पाहिली.

थंडीत वर्तमानपत्रात 'परभणी गारठली' असा मथळा येतो. त्यातला आकडा बहुतेक वेळा याच विद्यापीठाच्या वेधशाळेतला असतो. मोकळ्या रानात आणि गावात तापमानात फरक पडतोच. गावात सिमेंट, फरशी, पत्रे. ज्याला हे खोटे वाटते त्याने मे महिन्यात रात्री नऊला शिवाजी चौकातून निघून कमानीच्या आत यावे. वेगळा पुरावा लागणार नाही.

बाकी ठिकाणे थोडक्यात सांगतो. गावात राजगोपालाचारी उद्यान आहे. नातवंडांना घेऊन जायला ठीक, चालायला अपुरे. स्टेडियमच्या फेऱ्या सकाळी बऱ्या. रविवारी गाडी काढायची असेल तर जिंतूर. सुमारे चाळीस किलोमीटर. तिथून जवळच नेमगिरी, जैन लेण्यांची टेकडी. चढण सोपी आहे. माझ्या वयाच्या माणसाने दम खात खात जावे. पुढे पूर्णेवरचे येलदरी धरण पावसाळ्यानंतर पाहण्यासारखे असते. गंगाखेडला जनाबाईंच्या गावी गोदावरीच्या घाटावर संध्याकाळी बसावे. आणि जायकवाडीचा डावा कालवा, २०८ किलोमीटर लांबीचा, आपल्या जिल्ह्यातून जातो. पाणी सुटलेले असताना कालव्याच्या कडेने चालणे फार सुखाचे असते. मात्र लहान मुले सोबत असतील तर तिकडे जाऊच नये. धार जोराची असते आणि काठ निसरडा.

आता जरा जवळच्या गोष्टीवर येतो. वसमत रोड हा आता राष्ट्रीय महामार्ग. रुंदीकरण झाले, रस्ता छान झाला, पण कडेची जुनी झाडे गेली. आपल्या सोसायटीपासून कमानीपर्यंत पूर्वी सावलीतून जाता येई. आज आपल्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या किती जणांना तो रस्ता पायी ओलांडण्याची हिंमत होते? मी मोजले. आमच्या सकाळच्या गटात पूर्वी अकरा जण होते, आता चार. बाकीचे घराच्या गच्चीवर फिरतात.

म्हणूनच सोसायटीच्या ओपन स्पेसचा प्रश्न मला साधा वाटत नाही. ले-आउट मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागली, ती ही. पहिल्या वर्षी आपण तिथे कडुनिंब लावले, उन्हाळ्यात घराघरातून बादल्यांनी पाणी घातले. आज त्यातले चौदा उभे आहेत. येत्या वार्षिक सभेत तिथे सभागृह बांधण्याचा ठराव येणार आहे. बारसे, साखरपुडे घरच्या घरी होतील, भाडेही येईल, हे सारे मान्य. मी आयुष्यभर ताळेबंदच पाहिले, भाड्याचा आकडा मला कळतो. पण सभागृहासाठी गावात पाच-पंचवीस जागा आहेत. महामार्ग न ओलांडता चालता येईल अशी जागा आपल्याकडे हीच एक आहे. माझे मत ठरावाच्या विरोधात पडेल, हे आताच सांगून ठेवतो. अध्यक्षांना तसे बोललोही आहे. ते म्हणाले, "सभेत बोला." बोलणार आहे.

दरम्यान, मी झाडांच्या कडेने पावले मोजली आहेत. एक फेरी दोनशे दहा पावलांची होते. वीस फेऱ्या मारल्या की माझा दिवसाचा कोटा पूर्ण. सकाळी साडेसहाला मी तिथे असतो. ज्यांना यायचे त्यांनी यावे, फक्त पायात चप्पल नको, बूट घाला. निंबोळ्यांवरून पाय घसरतो.