अवेळींचा आंबा

इ. स. १५६३ मध्यें गोव्याच्या छापखान्यांतून एक संवादरूप ग्रंथ बाहेर पडला. विषय हिंदुस्थानांतील औषधी व फळें. कर्ता गार्सिया द ओर्ता, पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्या काळीं या वैद्यबुवांकडे भाडेपट्ट्यानें होतें, आणि तेथील आपल्या एका आंब्याचें त्यांना मोठें कौतुक! तें झाड वर्षांतून दोनदां फळत असे: एक बहार मे महिन्याच्या अखेरीस, दुसरा अवेळीं. मात्र वासाला व चवीला मे महिन्याचेंच फळ सरस, हेंहि त्यांनीं मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे.

कोंकणांतील आंबा थंडीनें मोहोरतो, उन्हानें भरतो, पेंढ्याच्या अढींत पिकतो आणि मृगाबरोबर संपतो. कोयीपासून वाढविलेल्या झाडांत मूळ वृक्षाचा गुण उतरेलच असें नाहीं. म्हणून कलमाचें महत्त्व. गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत ही विद्या जोपासली गेली. ‘हापूस’ हें नांवहि ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नांवाचेंच मराठी रूप. त्याच कोंकणी हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

हल्लीं पहिली पेटी ऐन थंडींतच बाजारांत उतरते, तिची वार्ता छापून येते आणि तिला वाटेल तो भाव मिळतो. ओर्तांच्या झाडाचें नवल असें नित्याचें होऊन बसलें. त्यांच्यासारखी चवीची तुलना करणारा मात्र विरळा. बिचाऱ्या रायवळाला पेटी कुठली? तो वैशाखांत टोपलींतून येतो, चोखून खावा लागतो, हात कोपरापर्यंत माखतो, आणि पहिल्या सरी कोसळल्या कीं दिसेनासा होतो.