निपाणीची फिल्म कुणाची?

दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरामन नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८० मध्ये ‘युगांतर’ हा फिल्मगट काढला. पुण्यातल्या घरकामगार बायकांसोबत ‘मोलकरीण’ झाली, ती १९८१ मध्ये. पुढच्याच वर्षी ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ आली. त्यासाठी हा गट निपाणीत तंबाखू कामगार बायकांबरोबर चार महिने होता. आधी नुसतं ऐकणं, मग शूटिंग. कारखान्यात कॅमेरा कुठे न्यायचा, हे बायकाच सांगत. रोज तिथली धूळ खाणारीलाच ते ठाऊक असणार ना! आपण मात्र दिग्दर्शकाचं एक नाव गुगल करून मोकळे होतो. मला तरी या फिल्मच्या लेखिका निपाणीच्या बायकाही वाटतात. युगांतरच्या फिल्म पुढे इतर कष्टकरी बायकांना दाखवल्या जात, आणि फिल्म संपली की चर्चा सुरू होई.